बिघडलेली सीडी वाचायला शिकूया : जुना लॅपटॉप, आजींच्या ओव्या आणि दोष शोधण्याचा एक पाठ



शीर्षक वाचून पहिला प्रश्न मनात येणार, "आता सीडी कोण वापरतं?" प्रश्न बरोबर आहे. आमच्या शाळेतही गेली काही वर्षं सगळं पेनड्राइव्ह आणि मोबाइलवरच चालतं. पण मागच्या वर्षी सातवीच्या मुलांनी एक उपक्रम केला. गावातल्या चौदा आजींकडून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून आणल्या. एकूण ५८ मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. मग मुलांनीच ठरवलं की आजींना त्यांचा आवाज परत ऐकायला मिळाला पाहिजे. बहुतेक आजींकडे स्वतःचा मोबाइल नाही. घरातला मोबाइल सुनेबरोबर नाहीतर नातवाबरोबर बाहेर जातो. पण बऱ्याच घरांत टीव्हीशेजारी जुना सीडी प्लेयर अजून आहे, भजनं आणि कीर्तनं ऐकायला. ज्यांच्याकडे नाही त्यांच्या शेजारी तरी आहेच. म्हणून ठरलं, प्रत्येक आजीला एक सीडी द्यायची.

वीस कोऱ्या सीडी आणल्या. शाळेतला बारा वर्षांचा लॅपटॉप काढला. आणि पहिल्याच दुपारी माझ्या हातून पाच सीडी वाया गेल्या.

आज त्या पाच सीडींबद्दल लिहिते आहे. सीडी कशी बनवायची हे तर सांगेनच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिघडलेली वस्तू आपल्याला काय सांगत असते आणि ते मुलांना ऐकायला कसं शिकवायचं, हे या निमित्ताने मला नीट कळलं.

सगळ्यात आधी एक काम

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी मूळ रेकॉर्डिंगची दुसरी प्रत करून ठेवा. आमच्या एका विद्यार्थ्याचा मोबाइल मधल्या काळात रिसेट झाला आणि त्याच्या आजीच्या ओव्या फक्त शाळेच्या लॅपटॉपवर उरल्या. म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवर एकुलती एक प्रत! ती डिस्क त्याच दुपारी बंद पडली असती तर? हे लक्षात आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. म्हणून पहिली पायरी हीच. मूळ फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या, जमलं तर आणखी एका ठिकाणी घ्या, आणि मगच पुढचे प्रयोग करा. कोरी सीडी पुन्हा विकत मिळते. आवाज मिळत नाही.

थोडी पूर्वतयारी : सीडीवर लिहिलं जातं म्हणजे काय होतं?

सीडी १२ सेंटीमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून तिची मानकं ठरवली आणि १९८२ साली ती बाजारात आली. आपण घरी जिच्यावर लिहितो त्या सीडी-आर प्रकारात पारदर्शक प्लॅस्टिकच्या वर रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. त्यावर चकाकणारा धातूचा थर असतो आणि त्याच्यावर लेबलची बाजू. ड्राइव्हमधला लेझर त्या रंगद्रव्यावर तापवून तापवून बारीक खुणा करतो. या खुणांची एकच लांबलचक सर्पिल रेघ असते. ती मध्याजवळून सुरू होते आणि कडेकडे जाते. ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोबर उलट. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता थोडं गणित. ऑडिओ सीडीत एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० वेळा मोजणी केलेली असते. प्रत्येक मोजणी २ बाइटची, आणि डावा-उजवा असे दोन आवाज. म्हणजे

४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट, प्रत्येक सेकंदाला.

आमचं रेकॉर्डिंग ५८ मिनिटांचं, म्हणजे ३,४८० सेकंदांचं. गुणाकार केला तर उत्तर साधारण ६१४ एमबी येतं. पण १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री स्वरूपात त्याच फाइल्स जेमतेम ५६ एमबीच्या होतात. मुलांना हे आश्चर्य वाटलं. "बाई, ७०० एमबीच्या सीडीवर ५६ एमबीचीच गाणी, मग अजून दहापट बसतील की!" नाही बसणार. ऑडिओ सीडी एमबीमध्ये मोजायची नसते, मिनिटांत मोजायची. नेहमीच्या सीडीवर ८० मिनिटं बसतात, मग मूळ फाइल कितीही लहान असो. प्रोग्रॅम "जागा पुरत नाही" म्हणाला तर आधी मिनिटांची बेरीज करा.

याच गणिताचा दुसरा अर्थ जुन्या लॅपटॉपसाठी महत्त्वाचा आहे. सीडी लिहिण्यापूर्वी बरेच प्रोग्रॅम एमपीथ्री उलगडून मोठ्या स्वरूपात तात्पुरत्या साठवतात. त्यासाठी हार्ड डिस्कवर ८००-९०० एमबी तरी मोकळी जागा हवी. जुन्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह गच्च भरलेला असतो आणि मग काम मध्येच अडतं. आधी रिसायकल बिन रिकामा करा.

पाच सीडी, पाच कहाण्या

त्या दुपारी मी बिघडलेल्या सीडी कचऱ्यात टाकणार होते. पण एका मुलीने त्या मागून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी बाकावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीखाली कागदाची चिठ्ठी ठेवली : काय केलं, काय झालं, कुठे थांबलं. तिथून आमचा खरा पाठ सुरू झाला.

पहिली सीडी : लॅपटॉपवर वाजते, प्लेयरमध्ये वाजत नाही

हिच्या बाबतीत कुठलीही सूचना आली नव्हती. काम छान पूर्ण झालं होतं. लॅपटॉपवर सगळ्या ओव्या वाजल्या. आजींच्या प्लेयरमध्ये मात्र नुसतीच फिरत राहिली आणि शेवटी "नो डिस्क" असं दिसलं.

चूक माझी होती. मी फाइल्स ओढून सीडीच्या चित्रावर टाकल्या होत्या. असं केलं की डेटा सीडी तयार होते, म्हणजे फाइल्स ठेवायची पेटी. जुन्या साध्या प्लेयरला फाइल वाचता येत नाही, त्याला ऑडिओ सीडी लागते.

विंडोजमध्ये कोरी सीडी घातल्यावर दोन पर्याय समोर येतात, "यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी" आणि "सीडी/डीव्हीडी प्लेयरसाठी". दुसरा पर्याय पाहून वाटतं की झालं काम. पण तोही फाइल्सच लिहितो. एमपीथ्री वाचू शकणाऱ्या प्लेयरवर तो चालतो, साध्यावर नाही. खरी ऑडिओ सीडी हवी असेल तर विंडोज मीडिया प्लेयर उघडा, उजवीकडच्या "बर्न" टॅबमध्ये जा, पर्यायांत "ऑडिओ सीडी" निवडा आणि मग गाणी तिथे आणून टाका.

या सीडीने शिकवलेला धडा असा : "काम पूर्ण झालं" असं यंत्राने सांगितलं म्हणजे *आपलं* काम झालं असं नाही. आपण जे मागितलं ते त्याने केलं. मागणंच चुकलं होतं.

दुसरी सीडी : निम्म्यावर थांबली

ही सर्वांत मजेदार निघाली. कोऱ्या सीडीची चकाकणारी बाजू उजेडात तिरपी धरून पाहा. सगळीकडे एकसारखी दिसते. लिहिलेल्या सीडीवर मात्र मध्यापासून एक वेगळ्या छटेचा पट्टा दिसतो. जिथवर लिहून झालं तिथवर तो पट्टा. दुसऱ्या सीडीवर हा पट्टा मध्येच संपला होता. मुलांनी पट्टी लावून मोजलं, पट्ट्याच्या बाहेरच्या कडेचा व्यास ८ सेंटीमीटर. म्हणजे त्रिज्या ४० मिलिमीटर.

सीडीवर आवाज साधारण २५ मिलिमीटर त्रिज्येपासून सुरू होतो आणि पूर्ण भरली तर ५८ मिलिमीटरपर्यंत जातो. सर्पिल रेघेच्या फेऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं असतं. म्हणून वेळ हा क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. फळ्यावर मांडलं :

पूर्ण सीडी : ५८ चा वर्ग वजा २५ चा वर्ग = ३,३६४ − ६२५ = २,७३९
लिहिलेला भाग : ४० चा वर्ग वजा २५ चा वर्ग = १,६०० − ६२५ = ९७५

(पाय दोन्हीकडे येतो, म्हणून तो काढून टाकला.) ९७५ भागिले २,७३९ म्हणजे सुमारे ०.३६. ऐंशी मिनिटांच्या ०.३६ पट, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस मिनिटं. आमचं रेकॉर्डिंग ५८ मिनिटांचं, म्हणजे काम जवळजवळ बरोबर निम्म्यावर थांबलं होतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ खरोखर कशाला उपयोगी पडतं, हे त्या दिवशी मुलांना सांगावं लागलं नाही.

निम्म्यावर का थांबलं? चार्जरची पिन सैल होती. लॅपटॉप बॅटरीवर गेला, कोणी हात लावला नाही म्हणून काही मिनिटांनी झोपी गेला, आणि लेझरला पुढचा आवाज मिळेना.

हे मुलांना समजावताना जात्याचीच उपमा कामी आली. जात्यात मुठीमुठीने दाणे वैरावे लागतात. वैरणारा हात थांबला तर वरची पेढी नुसतीच फिरते. ड्राइव्हमध्येही एक छोटी साठवण असते, तिला बफर म्हणतात. लॅपटॉपने तिच्यात माहितीची मूठ टाकत राहायचं आणि लेझरने ती लिहीत जायचं. पूर्वी ही साठवण रिकामी झाली की सीडी वायाच जायची. २००० नंतरच्या ड्राइव्हमध्ये मध्ये थांबून तिथूनच पुढे लिहायची सोय आली. तरीही लॅपटॉपच झोपला तर त्या सोयीचा काही उपयोग नाही.

म्हणून सीडी लिहिताना चार्जर घट्ट लावा, स्लीप बंद करा, बाकीचे प्रोग्रॅम मिटवा, आणि त्या दहा मिनिटांत लॅपटॉपवर दुसरं काही करू नका. लॅपटॉप हलवूही नका.

तिसरी सीडी : सुरुवात छान, शेवटी खरखर

पहिल्या आठ-नऊ आजी स्वच्छ ऐकू आल्या. शेवटच्या तिघींच्या वेळी कटकट, खरखर, आणि एका ठिकाणी प्लेयर अडकूनच बसला. मी म्हटलं, रेकॉर्डिंगच खराब असेल. तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "बाई, लॅपटॉपवर तर या आजी नीट ऐकू येतात. मग सीडीवर शेवटच्याच का बिघडल्या?"

प्रश्न अगदी नेमका होता. शेवट म्हणजे सीडीची बाहेरची कड. लॅपटॉपमधले बहुतेक ड्राइव्ह जास्तीत जास्त २४ एक्स वेगाने सीडी लिहितात. एक एक्स म्हणजे गाणं वाजतं त्याच वेगाने लिहिणं, ८० मिनिटांची सीडी ८० मिनिटांत. आठ एक्स म्हणजे १० मिनिटांत. आणि "२४ एक्स" लिहिलेलं असलं तरी हे ड्राइव्ह बहुधा आत हळू सुरू होतात आणि कडेला पोचेपर्यंत वेग वाढवत नेतात. तिथे सीडी मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेत असते. बारा वर्षं वापरलेल्या ड्राइव्हमध्ये जराशी थरथर असली, लेझर थोडा मंदावला असला, तर पहिला फटका कडेलाच बसणार.

उपाय : वेग कमी करा. मीडिया प्लेयरच्या ऑप्शन्समध्ये बर्न टॅबखाली "बर्न स्पीड" असतो. "फास्टेस्ट" ऐवजी "मीडियम" किंवा "स्लो" घ्या. इतर प्रोग्रॅममध्ये आकडा निवडता येतो, तिथे ८ एक्स किंवा १० एक्स चांगला. अगदी तळाचा वेग नेहमीच उत्तम असतो असंही नाही, कारण अलीकडच्या कोऱ्या सीडी मधल्या आणि जास्त वेगासाठी बनवलेल्या असतात.

चौथी सीडी : सुरूच झाली नाही

हिची कहाणी सांगताना मला थोडी लाज वाटते. तिसरी बिघडल्यावर मी वैतागले. म्हणून एकदम तीन गोष्टी बदलल्या. कपाटातली वेगळी जुनी कोरी सीडी घेतली, वेगळा प्रोग्रॅम घेतला आणि वेग एकदम खाली आणला. सुरुवातीलाच "पॉवर कॅलिब्रेशन एरर" आली आणि काम थांबलं.

या सूचनेचा अर्थ असा. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी ड्राइव्ह सीडीच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या जागेत लेझरची शक्ती आजमावून पाहतो. आपण मेहंदीचा कोन आधी कागदावर टेकवून पाहतो तसं. शक्तीचा मेळ बसला नाही तर तो पुढे जातच नाही. कारणं अनेक असू शकतात. भिंगावरची धूळ, थकलेला लेझर, खराब कोरी सीडी, न जुळणारा वेग.

आमच्या बाबतीत यातलं कुठलं? ते आम्हाला आजही सांगता येणार नाही, कारण मी तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या. बाकीच्या सीडींनी काही ना काही शिकवलं. या एकीचं उत्तर माझ्या घाईने पुसून टाकलं. मुलांनी तिच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पाचवी सीडी : चुकीचा प्रकार

ही माझ्या घरची सीडी-आरडब्ल्यू होती, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी. लॅपटॉपवर उत्तम वाजली. प्लेयरने ओळखलीच नाही. सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश सीडी-आरच्या मानाने खूपच कमी परावर्तित होतो. जुन्या प्लेयरच्या डोळ्याला तो पुरत नाही.

दुकानात कोरी सीडी घेताना पाकीट नीट वाचा. "सीडी-आर" हवी. "डीव्हीडी-आर" दिसायला तशीच असते, पण साध्या ऑडिओ प्लेयरवर चालत नाही. सीडी-आरडब्ल्यू मात्र सरावासाठी छान, शंभर वेळा चुकलं तरी पैसे जात नाहीत.

दुसरा दिवस : शांतपणे

वीसपैकी तीन गेल्या होत्या (चौथी आणि पाचवी बाहेरची). उरल्या सतरा. आजी चौदा. म्हणजे तीनच चुका परवडणार होत्या. मुलांनी वहीत चार रकाने आखले : काय बदललं, काय अपेक्षा होती, काय झालं, पुढे काय.

पहिल्या प्रयोगात फक्त वेग बदलला. सीडी तीच, प्रोग्रॅम तोच, पण ८ एक्स. निकाल : शेवटच्या तिघींपैकी दोघी स्वच्छ ऐकू आल्या. एकीच्या आवाजात अजून थोडी खरखर. मुलं हिरमुसली, पण मी म्हटलं, बघा, सुधारलं आहे. वेग हे कारण होतंच, फक्त एकटं नव्हतं.

दुसऱ्या प्रयोगात वेग तोच ठेवून फक्त भिंग साफ केलं. लॅपटॉपचा ट्रे बाहेर काढला की त्यावरच छोटंसं गोल भिंग दिसतं. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. ट्रे उघडायला मध्ये बारीक भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबा. आधी कॅमेऱ्याच्या हवेच्या फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात. मग कानकाडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा लावून अगदी हलक्या हाताने एकदा टिपा. दाबायचं नाही, घासायचं नाही. पूर्ण सुकू द्या. हे काम मोठ्यांनीच करावं, आणि चालू ड्राइव्हच्या भिंगाकडे कधीही डोळा लावून पाहू नये, हे मुलांना बजावून सांगा.

निकाल : चौदाही आजी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ. वर्गात टाळ्या झाल्या. त्यानंतरच्या तेरा सीडी एकामागून एक नीट निघाल्या, आणि दोन शिल्लक राहिल्या.

तुमच्याकडे अडलं तर या क्रमाने पाहा

१. मूळ फाइल्सची दुसरी प्रत आहे ना?

२. सीडी-आरच आहे ना? ओरखडा, बोटांचे ठसे नाहीत ना? पुसायची तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

३. एकूण वेळ ८० मिनिटांच्या आत आहे ना?

४. सगळ्या फाइल्स लॅपटॉपवर शेवटपर्यंत वाजतात ना? मोबाइलचं रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सॲपवर आलेला आवाज वेगळ्या स्वरूपात असतो. प्रोग्रॅम तो घेत नसेल तर व्हीएलसीसारख्या मोफत प्रोग्रॅमने आधी वाव्ह स्वरूपात बदलून घ्या.

५. हार्ड डिस्कवर एक जीबीच्या आसपास जागा, चार्जर घट्ट, स्लीप बंद?

६. "ऑडिओ सीडी" निवडलं का?

७. वेग मधला किंवा कमी? सीडी शेवटी बंद म्हणजे फायनलाइज होते आहे ना? तसं झालं नाही तर लॅपटॉपवर वाजूनही प्लेयरमध्ये वाजत नाही.

८. भिंग साफ करून पाहिलं?

९. एवढं करूनही प्रत्येक सीडी बिघडत असेल तर लेझर थकला असं समजा. वाचायला लेझरची थोडीच शक्ती लागते, लिहायला कितीतरी जास्त. म्हणून थकलेला ड्राइव्ह सीडी वाजवतो पण लिहीत नाही. डीव्हीडीसाठीचा लाल लेझर आणि सीडीसाठीचा अवरक्त लेझर वेगळे असतात, त्यामुळे डीव्हीडी चालते आणि सीडी चालत नाही असंही घडतं. अशा वेळी यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह कोणाकडून मागून आणून पाहा. जुन्या लॅपटॉपच्या एका यूएसबीतून त्याला वीज अपुरी पडू शकते. दोन पिनांची वायर असेल तर दोन्ही लावा.

आणि तयार झालेल्या सीडीवर बॉलपेनने लिहू नका, कागदी लेबल चिकटवू नका. माहितीचा थर खालच्या बाजूला नसून लेबलच्या लगेच खाली असतो. सीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर वापरा. सीडी उन्हात ठेवू नका.

वर्गात आणि घरी

यासाठी सीडीच पाहिजे असं नाही. पण घरात जुन्या वाया गेलेल्या सीडी असतील तर त्या शाळेत आणायला सांगा. पट्टा मोजून किती मिनिटं लिहिली गेली ते काढणं हा सातवी-आठवीसाठी एका तासाचा सुंदर उपक्रम होतो. लहान वर्गांसाठी नुसतं "काय दिसतं?" आणि "का झालं असेल?" हे दोन रकाने पुरेत.

पालकहो, तुमच्यासाठी एक विनंती. घरात मिक्सर चालेनासा झाला, सायकलची चेन सतत उतरू लागली, टॉर्च लागेना, तर लगेच "नवीन घेऊ" म्हणू नका आणि मुलाला बाजूलाही करू नका. (मिक्सरची पिन मात्र आधी काढा.) त्याला विचारा, शेवटचं नीट कधी चाललं होतं? तेव्हापासून काय बदललं? आता कुठली एकच गोष्ट बदलून पाहू या? उत्तर चुकलं तरी चालेल. चुकलेलं उत्तरही वहीत लिहायला लावा. परीक्षेत चुकलेल्या उत्तरावर आपण लाल रेघ मारतो. इथे मुलांना दिसतं की नीट नोंदवलेली चूक पुढच्या बरोबर उत्तराची वाट दाखवते.

सीडी वाटायला आम्ही घरोघर गेलो. एका आजींच्या ओसरीवर प्लेयर लावला. त्या डोळे मिटून, मान डोलावत स्वतःचाच आवाज ऐकत होत्या. मुलांना वाटलं आजी खूश झाल्या. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"थांबव गं ते. ह्यातली दुसरी ओवी मी अर्धीच म्हनली. परत घ्या की."

मुलं माझ्याकडे पाहून हसली. चिठ्ठीवाल्या मुलीने दप्तरातून वही काढली, रकाना उघडला आणि विचारलं, "आजी, नेमकी कुठं चुकली?"

शिल्लक राहिलेल्या दोन सीडींपैकी एक त्या दिवशी कामी आली.